ज्याचे पोट दुखेल तो ओवा मागेल : समुद्रात उतरणारे खरोखरच समुद्राचे राखणदार असतात का?

ओहोटी (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात येथे समुद्रस्नानाचे गुणगान करणारा एक लेख आला होता. समुद्रात पोहणारी आणि लाटांवर स्वार होणारी माणसे अधिक निरोगी असतात, त्यांचे समुद्रावर प्रेम जडते, आणि म्हणून तीच समुद्राची खरी राखणदार ठरतात, असा त्याचा सूर होता. खाली कौतुकाची रांग लागलेली पाहून मी गप्प बसणार होते, पण त्यातल्या 'म्हणून' या शब्दाने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

आरोग्याच्या दाव्याशी माझे भांडण नाही. मी स्वतः अकरा वर्षे समुद्रात पोहते आहे आणि पाण्यातून बाहेर आल्यावर तासभर तरी जगाशी माझे बरे जमते. इंग्लंडच्या २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या अभ्यासातही, किनाऱ्यालगत राहणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे किंचित अधिक प्रमाणात सांगतात आणि हा फरक गरीब वस्त्यांत ठळक असतो, असे आढळले होते. (समुद्राला वैद्य ठरवण्याची हौस नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात ब्रायटनचे डॉ. रिचर्ड रसेल रुग्णांना समुद्राचे पाणी चक्क प्यायला लावत असत.)

राखणदारीचे मात्र तपासून पाहू. १९९० साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या सर्फरांनी, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्यांनी, 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज' (सांडपाण्याविरुद्ध सर्फर) ही संघटना काढली, थंड पाण्यात घालायचे रबरी वेटसूट आणि गॅस मास्क चढवले, विष्ठेचा फुगवलेला अवाढव्य पुतळा घेऊन मोर्चे काढले आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्यांना लाजवले. हे काम मोठेच होते. पण ते मुळात माशांच्या कळवळ्याने सुरू झाले नव्हते. घसा, कान आणि पोट बिघडल्यामुळे सुरू झाले होते. जेथे स्वतःचे पोट दुखले तेथे ओवा मागितला गेला. आता त्याच अंगावरचा वेटसूट घ्या. त्याचे निओप्रीन हे कृत्रिम रबर ज्या क्लोरोप्रीनपासून बनते, ते माणसात कर्करोग घडवण्याचा संभव असलेले रसायन असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये नमूद केले, आणि लुईझियानात मिसिसिपी नदीकाठी ते बनवणाऱ्या कारखान्याशेजारच्या बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीने ते वर्षानुवर्षे श्वासातून घेतले. त्या वस्तीत लाटा नाहीत. तेथे गॅस मास्क लावून किती सर्फर गेले?

आणि दूर कशाला जायचे? आमच्या पोहणाऱ्यांच्या गटात मोठा पाऊस झाला की संदेश येतो : 'तीन दिवस पाण्यात उतरू नये.' चौथ्या दिवशी उगवत्या सूर्याचे छायाचित्र येते आणि सगळे पुन्हा उतरतात. किनाऱ्याच्या टोकाला येऊन मिळणारा तो तपकिरी ओघळ कोठून येतो, हे अकरा वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. मीही विचारले नाही.

लाटांकित

धागाकर्तीने ज्या लेखावर तोंडसुख घेतले आहे तो मीच लिहिला होता, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

स्वार्थातून सुरू झालेले काम कमी प्रतीचे, हा आपला गृहीत धरलेला मुद्दाच मला मान्य नाही. ज्याचे पोट दुखते तो ओवा मागतो हे खरे, पण मागितलेला ओवा पुढे साऱ्या गावाच्या उपयोगी पडतो. युरोपचा स्नानजलाचा नियम १९७६ साली आला, तेव्हा ब्रिटनने मोठ्या मुश्किलीने फक्त २७ किनारे 'स्नानाची जागा' म्हणून दाखवले. त्यांत ब्लॅकपूलसारखा प्रसिद्ध स्नानाचा किनारा नव्हता आणि समुद्र नसलेल्या लक्झेंबर्गनेही त्याहून अधिक जागा दाखवल्या होत्या. किनारा यादीत नसेल तर तेथील पाणी तपासण्याचे बंधनच येत नाही, अशी ती युक्ती होती. ही लबाडी कोणा प्रेमळ मत्स्यमित्राने मोडली नाही. पाण्यात उतरून आजारी पडणाऱ्यांच्या आरडाओरड्याचा ती मोडण्यात मोठा वाटा होता. कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट भागात कागदाच्या लगद्याचे कारखाने समुद्रात सांडपाणी सोडत होते, तेव्हाही तेथील सर्फरांचे डोळे आणि घसे जळले, सर्फरायडर फाउंडेशन ही सर्फरांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९१ मध्ये कारखान्यांना तडजोड करून लाखो डॉलरांचा दंड भरावा लागला. त्या पाण्यातल्या माशांनी सर्फरांचा हेतू शुद्ध होता की नाही याची चौकशी केली असेल, असे मला वाटत नाही.

निओप्रीनचे म्हणाल, तर नैसर्गिक रबराचे वेटसूट बाजारात आले ते सर्फरांच्याच मागणीमुळे. ते पुरेसे नाही, हे मान्य.

आणि 'तासभर जगाशी बरे जमते' असे जे आपण सहज लिहून गेलात, ते माझ्या बाबतीत सहज नव्हते. वडील गेल्यानंतर आठ महिने मी रात्री दोनच्या पुढे झोपलो नाही. एका मित्राने मला ओढत समुद्रावर नेले. पहिले सहा आठवडे मी फळीवर उभाही राहू शकलो नाही. पालथा पडून हात मारायचे, पांढऱ्या फेसाने उलटवले की नाकातोंडात पाणी घेऊन वर यायचे आणि पुन्हा फळीचा दोर पायाने चाचपायचा, एवढेच चालले होते. पण पुढची लाट येत असताना मनात दुसरे काही शिरायला जागाच उरत नसे. ज्या पाण्याने मला झोप परत दिली, त्याचा मी राखणदार आहे असे मला वाटले, तर त्यात आपल्या पोटात दुखण्यासारखे काय आहे?

डॉ. कर्णपिशाच्च

नाकातोंडात पाणी गेल्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १४३ सर्फर आणि समुद्रात न जाणारे १३० जण यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रतिजैविकाला न जुमानणारे ई. कोलाय जिवाणू सर्फरांपैकी सुमारे ९ टक्क्यांच्या आतड्यांत सापडले आणि इतरांपैकी सुमारे ३ टक्क्यांच्या. पाण्यातून मिळणाऱ्या झोपेचे कौतुक करताना हेही सोबत सांगावे.

पण माझे मुख्य दुखणे कान हे आहे, आणि या विषयावर कोणी बोलत नाही याचा मला मनापासून राग आहे. थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षे कानात जात राहिला की कर्णनलिकेतील हाड आतल्या बाजूला वाढू लागते, वाट अरुंद होते, पाणी अडकते, मळ साचतो आणि ऐकू कमी येऊ लागते. माझा स्वतःचा उजवा कान अशा रीतीने जवळजवळ बंद झाला होता. ते हाड छिन्नीने काढतात. भूल असली, तरी कवटीच्या आत कोणीतरी भिंत फोडत असल्याचे स्वप्न मला पुढे महिनाभर पडत असे. हे सारे कानात साधे बोळे घालून टाळता येते. तरीही, बोळे घालून पाण्यात उतरणाऱ्याकडे ही शूर मंडळी अजून हसून पाहतात.

थंड पाण्यात उडी मारून चित्रफिती टाकणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर उत्तम पोहता येऊनही उपयोग होत नाही.

मुशी

आपण सारे पोटाविषयी आणि कानांविषयी बोलत आहात, पण समुद्राचे खरे नुकसान माणसाच्या भीतीमुळे होते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९३७ पासून पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी शार्कची जाळी लावली जातात. एकेक जाळे सुमारे १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच असते. ते ना पाण्याची सारी खोली व्यापते, ना किनारा बंद करते. शार्क त्याच्या वरून आणि बाजूने आरामात जाऊ शकते. त्यात अडकून मरणाऱ्या जीवांत बहुसंख्य असतात ते ज्यांच्यासाठी जाळे लावलेच नव्हते असे पाकट, कासवे, डॉल्फिन आणि निरुपद्रवी शार्क. व्हेलच्या स्थलांतराच्या काळात हीच जाळी काढून ठेवतात आणि तेव्हाही लोक पाण्यात असतातच. ही आहे आपली राखणदारी.

काठावरची आई

मुशी यांचे लिखाण वाचून हात थरथरला, तरीही सभ्य भाषेत लिहिते. माझी मुलगी त्याच किनाऱ्यांवर लाटांवर जाते. कासवांविषयी मलाही वाईट वाटते. परंतु ज्याचे कोणी पाण्यात नाही, त्याने जाळ्याची लांबी-रुंदी सांगून दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाचा हिशेब मांडू नये. जाळी लागल्यापासून त्या किनाऱ्यांवरचे मृत्यू अगदी तुरळक झाले, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळलीत.

मुशी

काहीही गाळलेले नाही. त्याच दशकांत गस्त घालणारे जीवरक्षक वाढले आणि जखमीला वाचवण्याचे वैद्यकही सुधारले. श्रेय कोणाचे, हे जाळे स्वतः सांगू शकत नाही. आणि माझे कोणी पाण्यात नाही, हे आपल्याला कोणी सांगितले? मी वीस वर्षे पाण्याखाली जातो. जाळ्यात अडकलेले एक कासव मी हाताने सोडवू पाहिले आहे. त्याच्या पुढच्या पायात दोर हाडापर्यंत रुतला होता, आणि मी सुरी काढेपर्यंत त्याची धडपड थांबली होती. ते मी रोज आठवतो.

काठावरची आई

मग आपणच सांगा, मुलीला काय सांगू? घरी बस म्हणून?

मुशी

नाही. ड्रोनची गस्त आहे. आमिष ओढले जाताच संदेश धाडणारे गळही आहेत. त्यांवर पथक लगेच पोहोचते आणि शार्कला खूण लावून दूर नेऊन सोडते. हे उपाय त्याच राज्यात वापरात आहेत. तरीही जाळी हटवायची म्हटले की गदारोळ होतो, कारण जाळे असल्याने माणसाला निर्धास्त वाटते.

लाटांकित

येथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांच्या मालिकेनंतर २०१३ मध्ये सर्फिंगवर निर्बंध आले, आणि २०१७ मध्ये खुद्द जगज्जेता सर्फर केली स्लेटरने तेथील शार्कची रोज कत्तल व्हावी असे लिहिले. टीका झाल्यावर त्याने माघार घेतली, पण त्याच्या हातून आधी तेच लिहिले गेले. राखणदाराच्या जिवावर बेतले की राखण कशी पातळ होते, याचा हा नमुना आहे. धागाकर्तीला आनंद झाला असेल.

परंतु मुशी, आपण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. याच पाण्यात उतरणाऱ्यांच्या संस्कृतीने बुडणाऱ्याला वाचवण्याची रीत घडवली. १९२५ साली कॅलिफोर्नियात न्यूपोर्टच्या किनाऱ्यासमोर एक मासेमारी नौका उलटली, तेव्हा हवाईचा प्रसिद्ध सर्फर ड्यूक कहानामोकू याने आपल्या फळीवरून फेऱ्या मारून आठ जणांना किनाऱ्याला आणले. त्यानंतर जीवरक्षकांना फळीचे मोल कळले. आरोग्याचा विचार करताना न बुडालेली माणसेही मोजावीत.

ओहोटी

आनंद झाला नाही, पण आपण स्लेटरचे उदाहरण स्वतःहून दिलेत, हे मी लक्षात ठेवीन. कहानामोकूचा मुद्दाही मला मान्य आहे, आणि तो मूळ लेखात असता तर मी हा धागा कदाचित काढलाही नसता. त्या फळीवर ज्यांना वाचवले, त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पोट दुसऱ्याचे दुखत होते. मला राखणदारीची ती जात हवी आहे.

काठावरच्या आईंना एवढेच सांगते, की मुलीसाठी वाटणाऱ्या भीतीला मी नावे ठेवत नाही. पण जाळ्यात कोण मरते ते माहीत असूनही मुलगी पाण्यात जाणार असेल, तर ते तिलाही माहीत असावे.

आणि डॉक्टर, काल मी बोळे आणले. आमच्या गटातले तिघे हसले.

डॉ. कर्णपिशाच्च

त्या तिघांची नावे लिहून ठेवा. दहा वर्षांनी ते माझ्याकडेच येतील.

काठावरची आई

मुलीला मुशी यांचा कासवाचा प्रसंग वाचायला पाठवला. ती म्हणाली, 'मला हे आधीपासून माहीत आहे, तुलाच सांगितले नव्हते.' यावर मला काही लिहायचे नाही.

लाटांकित

धागाकर्तीस : तो तपकिरी ओघळ कोठून येतो हे अकरा वर्षांत विचारले नाही, असे आपण लिहिलेत. लेख लिहिणाऱ्यानेही विचारलेले नाही, हे कबूल करतो. रविवारी सकाळी नाल्याच्या काठाने वर चालत जायचे असेल तर मी येईन. मात्र त्या दिवशी लाटा चांगल्या असतील तर येणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.