‘१०० टक्के हेट’ हमीवरून वाद : बॉल पायथनच्या विक्रेत्याकडे नेमके काय मागावे?

ऑस्टिननिवासी

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) पाळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका ब्रीडरकडून ‘१०० टक्के हेट पायबाल्ड’ अशी जाहिरात असलेले मादी पिल्लू ४५० डॉलरना घेतले. (पायबाल्ड म्हणजे अंगावर पांढरे भाग असलेला साप; त्यासाठी बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात. हेट म्हणजे एकच प्रत असलेला, दिसायला साधा साप; आधीचे टक्के म्हणजे तो हेट असण्याची शक्यता.) ती दीड किलोच्या पुढे गेल्यावर २०२५ च्या हंगामात तिची जोडी माझ्याकडच्या पायबाल्ड नराशी लावली. दुसरा कोणताही नर तिच्याजवळ कधी गेलेला नाही. सात अंड्यांपैकी एक सुरुवातीलाच खराब झाले आणि उरलेल्या सहांतून निघालेली सर्व पिल्ले साधी आहेत, एकाच्याही अंगावर पांढरा भाग नाही. विक्रेता म्हणतो की हा नशिबाचा भाग आहे, पुढच्या वर्षी पुन्हा जोडी लावून पाहा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती माझ्याकडे आहे. पावतीवर ‘जनुकीय हमी’ असे शब्द आहेत, परंतु हमी खोटी ठरल्यास विक्रेता काय देणार, याविषयी एक ओळही नाही. थांबावे, की आताच भरपाई मागावी?

न्यूजर्सीकर

हेट मादी आणि पायबाल्ड नर यांच्या प्रत्येक पिल्लाची पायबाल्ड होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे मादी खरोखर हेट असूनही सहाच्या सहा पिल्ले साधी निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक, सुमारे दीड टक्का. एवढ्यावरून संशय घेणे रास्त आहे, पण तो पुरावा नव्हे; वर्षानुवर्षे विक्री करणाऱ्या ब्रीडरच्या एखाद्या प्रामाणिक व्यवहारातही हे घडणारच. (तुमचा नरही नुसता हेट असता, तर हीच शक्यता जवळपास १८ टक्के असती आणि तक्रारीला फारसा अर्थ उरला नसता.)

म्हणून शक्यतेवर वाद घालत बसू नका, आईबाप विचारा. साध्या दिसणाऱ्या पिल्लाला ‘१०० टक्के हेट’ म्हणायचे, तर आईबापांपैकी एक स्वतः पायबाल्ड असावा लागतो. दोघेही हेट असतील तर ते पिल्लू ‘६६ टक्के हेट’ ठरते, आणि एक हेट व एक साधा असेल तर ‘५० टक्के’. त्या विणीची नोंद आणि आईबापांची छायाचित्रे विक्रेत्याकडे मागा. दोन्ही साधे दिसणारे निघाले, तर जाहिरात चुकीची होती हे तिथेच सिद्ध होते. मग अंड्यांतून काय निघाले याला महत्त्व राहत नाही. पोटाच्या कडेने दिसणाऱ्या काळ्या रेषा हेटची खूण म्हणून सांगितल्या जातात, परंतु साध्या सापांतही त्या आढळतात. तुम्ही त्या पुढे करू नका आणि विक्रेत्याने केल्या तर मान्यही करू नका.

दुसरा मार्ग कातेच्या तपासणीचा. पायबाल्डला कारणीभूत असलेला बदल टीएफईसी या जनुकात सापडला आहे आणि अमेरिकेतील खासगी प्रयोगशाळा टाकलेल्या कातेवरून अशी तपासणी करून देतात. मात्र चाचणी फक्त माहीत असलेलाच बदल शोधते. अल्बिनोच्या (गडद रंगद्रव्य नसलेल्या सापाच्या) बाबतीत टीवायआर या एकाच जनुकाचे तीन निरनिराळे बदललेले प्रकार आढळले आहेत, त्यामुळे त्यांतला एकच तपासून आलेले ‘नाही’ हे उत्तर अपुरे असते. यासाठी मादीच्या पायबाल्ड आईची किंवा बापाची कातही सोबत पाठवावी. त्याच्यात तो बदल दोन्ही प्रतींत सापडला आणि मादीत मुळीच नसला, तर ती त्याचे अपत्यच नाही.

डॅलसवासी

मी कायद्याच्या बाजूने लिहितो. युनिफॉर्म कमर्शियल कोड या अमेरिकेतील व्यापारविषयक नमुना कायद्याचा वस्तूविक्रीचा भाग टेक्सासने स्वीकारलेला आहे आणि त्याच्या २-३१३ या कलमानुसार ज्या वर्णनाच्या आधारावर व्यवहार झाला ते वर्णन हीच स्पष्ट हमी ठरते. दोष कळल्यावर वाजवी मुदतीत विक्रेत्याला कळवले नाही तर हक्क गमावला जातो, म्हणून थांबायची तयारी असली तरी आजच ईमेलने लेखी कळवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. २-७२५ कलमाप्रमाणे दावा चार वर्षांत करावा लागतो, आणि ही चार वर्षे सामान्यतः दोष कळल्यापासून नव्हे, तर ताबा मिळाल्यापासून मोजली जातात. तुमची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. पिल्लू वयात यायलाच तीन वर्षे लागतात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहा’ हा सल्ला कितीही सद्भावनेने दिलेला असो, तो मानला तर पुढची अंडी उबेपर्यंत मुदत दाराशी आलेली असेल. विक्रेत्याला खरोखर आणखी एक वीण पाहायची असेल, तर दाव्याची मुदत वाढवून देणारा लेखी करार त्याने आधी करावा.

भरपाई मुख्यतः हमीप्रमाणे असलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या मादीच्या किमतीतील फरकाइतकी असते. तीन वर्षांचे खाद्य किंवा न जन्मलेल्या पायबाल्ड पिल्लांची किंमत मागता येईल, पण सिद्ध करणे अवघड जाते. जस्टिस कोर्टात (टेक्सासमधील छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) २०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात.

पुणेकर सर्पप्रेमी

भारतातील वाचकांसाठी थोडे. इथे बॉल पायथन पाळायचा तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिल्ले झाल्यास तीही कळवावी लागतात. देशी अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असल्याने त्याची खरेदी-विक्री हा गुन्हाच आहे, तिथे हमीचा प्रश्न उद्भवत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोनच वर्षांची आहे.

ऑस्टिननिवासी

सर्वांचे आभार. ईमेल पाठवला. विक्रेत्याने पायबाल्ड बापाचे छायाचित्र पाठवले आहे, विणीची नोंद मात्र नाही. कातेच्या तपासणीला तो तयार आहे, पण खर्च मी करावा आणि कात त्याच्याकडे पाठवावी असे म्हणतो.

न्यूजर्सीकर

कात त्याच्याकडे पाठवू नका. दोघांनी मिळून प्रयोगशाळा ठरवा, तुम्ही मादीची आणि त्याने बापाची कात थेट तिथे पाठवावी, आणि अहवाल दोघांनाही एकाच वेळी मिळावा. मादीची कात पडताना व्हिडिओ घ्या आणि ती कोरडी करून वेगळ्या पाकिटात ठेवा. दुसऱ्या सापाचा तुकडा मिसळला तर सगळेच वाया जाईल. खर्च आता निम्मा-निम्मा करावा आणि निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल त्याने तो पूर्ण सोसावा. मादी हेट नसल्यास किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत द्यायची, हेही पाकीट टपालात टाकण्यापूर्वी लिहून घ्या, कारण त्याची जुनी पावती नेमकी त्याच जागी कोरी आहे.