मदत हवी आहे: ते दोन आठवडे कसे काढता?

नमस्कार मैत्रिणींनो. वय ३३, राहायला नाशिक, इंदिरानगर. बाळासाठी प्रयत्न सुरू करून १४ महिने झाले. वर्ष उलटल्यावर (पस्तिशीनंतर सहाच महिने थांबायचं म्हणे) तपासण्या केल्या. माझं थायरॉईड, सोनोग्राफी, नवऱ्याचा रिपोर्ट, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाल्या, धीर धरा. तोच तर संपलाय!

ओव्ह्युलेशन किटवर (बीज सुटायची वेळ दाखवणारं) दुसरी रेघ गडद आली की नेमकी ह्यांची अंबडला नाइट शिफ्ट. मग चिडचिड, मग अबोला. पाळीच्या तारखेपर्यंतचे पुढचे दोन आठवडे तर विचारूच नका. छाती दुखली तरी गुगल, नाही दुखली तरी गुगल. पाळीच्या तारखेआधीच पहाटे पाचला बाथरूममध्ये मोबाइलच्या उजेडात प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी तिरकी धरून बघत बसते. एकच रेघ. तरी पुन्हा बघते.

सासूबाई काही बोलत नाहीत, पण हळदीकुंकवाला एका काकूंनी ‘यंदा तरी पेढे?’ विचारलं आणि मी वाण तिथेच विसरून आले.

‘टेन्शन सोड, आपोआप होईल’ हे कृपया नको.

किट-अ‍ॅप बंद करून दिवसाआड संबंध ठेवले तरी चालतं, असं डॉक्टर म्हणाल्या. कुणाचं डोकं त्याने शांत झालं का? गोदापार्कला चालायला जाते, झोप सुधारली, विचार नाही थांबत. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे संध्याकाळी सातनंतर भेटणाऱ्या, मराठीत बोलणाऱ्या समुपदेशक कुणाला माहीत आहेत? नवऱ्यालाही न्यायचंय, तो तयार आहे. आणि त्या काकूंना काय उत्तर द्यायचं, तेही सांगा.