मदत हवी आहे: अस्वलाच्या पिल्लाला "उपाशी ठेवतायत" म्हणून वर्ग चिडलाय, मुलांना काय सांगू?

खाडीपल्याड:
मंडळी, मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र बसतो. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून वर्गात एकच विषय चाललाय आणि माझ्याकडची उत्तरं संपलीत.

माझी पुतणी कॅनडात शिकते. तिथे आई मेलेली काळ्या अस्वलाची पिल्लं वाढवून परत जंगलात सोडणारं एक केंद्र आहे, सुट्टीच्या दिवशी ती तिथे कामाला जाते. त्यातल्या एका पिल्लाचे व्हिडिओ ती मला पाठवते आणि मी ते वर्गातल्या टीव्हीवर लावते. मुलांनी त्याचं नाव बाळ्या ठेवलंय. गणपतीनंतर बाळ्याने जे खायला सुरुवात केली ते बघून सगळे खूश होते. सफरचंदं, मासे, कसलीकसली लाल-निळी फळं. तोंड थांबायचं नाही.

आता तिथे थंडी सुरू झाली. बाळ्याच्या आवारात एक मोठा लाकडी खोका ठेवलाय, शेजारी गवताचे भारे टाकलेत आणि खाणं मात्र कमी कमी होत चाललंय. पुतणी म्हणते, थोड्या दिवसांनी पूर्ण बंद करणार. हे मी वर्गात सांगितलं आणि चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्याला आई नाय म्हणून उपाशी ठेवतायत." सगळा वर्ग तिच्या बाजूने! थंडीत अस्वलं झोपतात हे मी सांगून बघितलं. त्यावर उत्तर आलं, "झोप आम्हालापण येते, पण उठल्यावर आई पेज देते ना."

आता त्यांना केंद्राला पत्र लिहायचंय, खाणं बंद करू नका म्हणून. मला पत्र अडवायचं नाही, पण चुकीच्या समजावर ते जायला नको. म्हणून विचारते. खाणं तोडणं खरंच गरजेचं असतं का? आईशिवाय वाढलेल्या पिल्लाला झोपायचं कसं कळणार? पहिलीच थंडी आहे त्याची. आणि एका मुलाचं आजोळ संगमेश्वरकडे, चांदोलीच्या जंगलाजवळ आहे. तिथली अस्वलं पौष-माघातही फिरतात असं त्याचा मामा सांगतो, मग हेच का झोपतं, असा त्याचा प्रश्न आहे. तोही रास्तच आहे.

आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर शाल. बर्फाखाली चार-पाच महिने ही कल्पना पोरांपर्यंत पोचवायची तरी कशी?

मेपलवाडी:
बाई, मी ब्रिटिश कोलंबियात राहतो. आमच्या गल्लीत कचऱ्याचे डबेसुद्धा अस्वलाला उघडता येणार नाहीत असे असतात, त्यामुळे हा विषय रोजचाच.

मुलांना आधी हे सांगा की भूक बाळ्याचीच कमी होते. ऑगस्टपासून अस्वल वेड्यासारखं खातं, मोठं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत. मोठा माणूस साधारण २,००० ते २,५०० खातो, त्यावरून हिशोब करायला लावा. मग गुहेत जायच्या सुमारास त्याचं खाणं आपोआप मंदावतं, समोर ठेवलेलंही उरायला लागतं. केंद्रातले लोक त्याच्या मागोमाग खाणं कमी करतात.

पण मग उरलं तरी ठेवायला काय हरकत, असं तुमची चौथीतली मुलगी विचारणारच. अस्वल झोपतं ते मुख्यतः हिवाळ्यात खायला मिळत नाही म्हणून. थंडीचं कारण त्यानंतरचं. त्यामुळे प्राणिसंग्रहालयात जिथे खाणं येतच राहतं, तिथली बरीच अस्वलं धड झोपत नाहीत. पेंगतात, उठतात, खातात, परत पेंगतात. कायम तिथेच राहणार असतील तर चालून जातं. बाळ्याला जंगलात जायचंय. हिवाळाभर माणूस रोज टोपली घेऊन आला तर माणूस म्हणजे खाऊ हे त्याच्या डोक्यात बसेल, आणि असं अस्वल पुढे वस्तीत शिरतं आणि बहुतेकदा गोळी खाऊन मरतं. मला विचाराल तर खाणं बंद करण्यापेक्षा माणसाचं येणं बंद करणं हा त्यातला मोठा भाग.

आईचं म्हणाल, तर जंगलातली पिल्लं पहिला हिवाळा आईला चिकटूनच काढतात, हे खरं. पण झोपणं शिकवावं लागत नाही. अनाथ पिल्लंसुद्धा दिवस लहान झाले की गवत ओढून स्वतःच बिछाना करतात. तो खोका आणि भारे त्यासाठीच. पुढचा व्हिडिओ नीट बघा, गवत आत कोण नेतंय ते दिसेल.

चिवलबाव:
बाईनू, इतक्या लांब कशाक जातास? आगोट सांगा पोरांका. आपण पावसाच्या आधी सुके बांगडे, सोडे, कोकमा, लाकडा सगळा भरून ठेवतंव. बाळ्यान पण भरल्यान. आपण माळ्यार भरतंव, तो आंगात भरता. घरात भरलेला असताना बाजारात कोण जाता?

रानवाट:
वरचं भारी आहे, मी पण वापरणार.

आपल्या अस्वलाचं मी सांगतो, आंबोली-तिलारी भागात बरीच वर्षं फिरतोय. आपलं अस्वल वेगळ्या जातीचं. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं मुख्य अन्न. वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वारुळातली वाळवी ओढून घेतं. वाळवी बारा महिने मिळते, शिवाय उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. खायला असताना झोपायचं कशाला? मामा बरोबर आहे. फक्त मादी साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत पिल्लं घालते आणि काही दिवस तिथेच राहते. नंतर पिल्लं तिच्या पाठीवर बसून फिरतात, हे चित्र मुलांना नक्की दाखवा.

भारतातली सगळीच अस्वलं मात्र जागी नसतात हो. काश्मीरमध्ये दाचीगामची काळी अस्वलं बर्फ पडला की गुहेत जातात, लडाखकडची तपकिरीही.

आणि एक. व्हिडिओ बघून कुणाला पिल्लू पाळावंसं वाटलं तर तिथेच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे तो गुन्हा आहे. दरवेशी नाचवायचे ती अस्वलंही सोडवून केंद्रांत नेली, मोठं केंद्र आग्र्याला आहे.

खाडीपल्याड:
सगळ्यांचे आभार. आगोट म्हटल्याबरोबर काम झालं. एकाने लगेच विचारलं, "मग बाळ्याच्या आंगात किती आगोट बसते?" पण चौथीतली मुलगी अजून अडून आहे. तिचं म्हणणं, बांगडा भरला तरी पाणी लागतंच, मग तो पाणी कुठून पिणार? आणि चार महिने शी-शू? (हा प्रश्न आल्यावर तासभर दुसरं काही झालं नाही.)

मेपलवाडी:
हुशार आहे मुलगी. चरबी जळते तेव्हा शरीरात पाणी तयार होतं, तेच त्याला पुरतं. लघवी बाहेर पडत नाही, त्यातलं युरिया शरीर परत वापरून त्याची प्रथिनं करतं. म्हणून इतके महिने पडून राहूनही स्नायू फारसे झिजत नाहीत. माणूस तसा पडून राहिला तर उभं राहता येणार नाही. आणि शी आतच घट्ट बुचासारखी होऊन राहते, वसंतात बाहेर पडते. हे तुमच्या जबाबदारीवर सांगा.

पकडून आणलेल्या अस्वलांवरच अलास्कात केलेला एक अभ्यास २०११ साली छापून आला. माणसांच्या वस्तीत त्रास देणारी काळी अस्वलं धरून त्यांना गवत घातलेल्या लाकडी खोक्यांत झोपवलं होतं, म्हणजे बाळ्यासारखंच. त्यांच्या शरीराचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिलं, पण शरीराचा खर्च चौथाईवर आला. हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर. म्हणजे ते बर्फासारखं गार पडत नाही, आवाज झाला तर जागंही होतं. आणि जागं झालं की चरबी वाया जाते, म्हणून त्या दिवसांत केंद्रातले लोक जवळ फिरकत नाहीत. व्हिडिओ थांबले तर मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नवीन आरोप येईल.

खाडीपल्याड:
आज दोन्ही वर्गांना ठोके मोजायला बसवलं. आपापल्या मनगटावर मिनिटभर मोजले, मग मी टेबलावर मिनिटाला चौदाच्या हिशोबाने टिचक्या मारल्या. दोन टिचक्यांच्या मधली शांतता त्यांना सहन होईना.

पत्र जाणार आहे, पण मजकूर बदललाय. "खाणं बंद करू नका" खोडून तिने स्वतःच लिहिलंय: "त्याची चरबी पुरेशी झाली आहे का ते वजन करून मगच खाणं बंद करा. उठल्यावर पहिलं काय देणार ते कळवा." बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत. माझं इंग्रजी अशा पत्राला पुरणारं नाही. कुणी भाषांतर करून देईल का? एकच पान आहे, फोटो टाकते.

मेपलवाडी:
टाका. आजच करतो. वजनाची ओळ जशीच्या तशी ठेवतो.