दशमांश आणि पौलाची वर्गणी

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामासाठी देणे, ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे की नाही यावर चर्चेत बराच भर दिला जातो आणि ‘देवाला दिले की तो दुपटीने परत करतो’ असेही काही जण म्हणतात. या संदर्भात बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय पाहावेत. यरुशलेममधील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी चाललेल्या वर्गणीत मासेदोनियातील मंडळ्यांनी (म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायांनी), स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असताना, ऐपतीबाहेर दिले आणि या सेवेत आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला. पौल त्यांचे उदाहरण करिंथकरांपुढे ठेवतो, पण टक्केवारी सांगत नाही. आपण आज्ञा करत नाही, असेही तो स्पष्ट लिहितो. देव भरपूर पुरवील हे आश्वासन तेथे आहे खरे, परंतु ते प्रत्येक सत्कर्मासाठी हाती काही असावे म्हणून आहे. व्याजाच्या अपेक्षेने दिलेल्या पैशाला विश्वास म्हणणे मला तरी पटत नाही.

विश्वास ठेवला म्हणजे हिशेब नको, असेही नाही. ही रक्कम पोहोचवताना कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला बंधू पौल सोबत घेतो. (आपल्या मंडळ्यांच्या खजिनदारांनी हा भाग अवश्य वाचावा.)

परतफेडीची हमी नसताना विश्वासाने देण्याचे आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांच्या कार्याला पैसे पुरवणाऱ्या अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन या संस्थेने कबूल केलेल्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपत आलेली असतानाही त्यांनी १८९६–९७ च्या दुष्काळातील शेकडो मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावात आसरा दिला.