मदत हवी आहे : डायल-अप चालू असताना येणारे फोन कसे सांभाळायचे?

मंडळी, घरात एकच लँडलाइन आहे आणि नेटही त्याच लाइनवर डायल-अपनं, म्हणजे नंबर डायल करून जोडायचं. नेट लावलं की बाहेरच्यांना फोन सारखा एंगेज लागतो, आणि कॉल वेटिंग चालू ठेवलं तर मधेच ती बीप येते, मोडेमला (फोन लाइनवरून नेट जोडणारं यंत्र) वाटतं लाइनच गेली, मग कनेक्शन तुटतं आणि अर्धं झालेलं डाउनलोड बोंबलतं. कॉल वेटिंग बंद केलं तर नेट टिकतं पण घरचे वैतागतात, कारण महत्त्वाचे फोन चुकतात (आईचं म्हणणं नेटच बंद कर, ते काय शक्य नाही).

आता माझ्या डोक्यात दोन-तीन गोष्टी आहेत. लाइन बिझी असेल तेव्हाच कॉल मोबाइलवर फॉरवर्ड करायचा, हे मला सगळ्यात सोपं वाटतंय, पण फोन कंपनीकडून ती सोय चालू करून घ्यावी लागते ना? दुसरं म्हणजे व्ही.९२ (मोडेमचं एक स्टँडर्ड) मोडेममधलं मोडेम-ऑन-होल्ड, यात म्हणे नेट होल्डवर ठेवून कॉल घेता येतो आणि नंतर परत डायल करावं लागत नाही, फक्त नेट देणाऱ्या कंपनीच्या बाजूलाही व्ही.९२ लागतं. कुणी खरंच वापरलंय का? होल्डवर किती वेळ मिळतो?

शिवाय मोडेमच्या सेटिंगमध्ये एस१० ची (सिग्नल गेल्यावर किती वेळ थांबून कनेक्शन तोडायचं ते ठरवणारी) व्हॅल्यू वाढवून, म्हणजे ५० केली की ५ सेकंद, बीपचा धक्का पचतो असं ऐकलंय. कॉल घ्यायचा नसेल, नुसतं नेट टिकवायचं असेल तर हे पुरेल का? दुसरी लाइन घ्या असं प्लीज सांगू नका.