बटुग्रह म्हणे! प्लुटोला नवव्या जागेवर परत घ्या

खगोलवेडा:
मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी थर्माकोलचे गोळे रंगवत होतो. सवयीने साबुदाण्याएवढा नववाही तारेत ओवला. तिने तो काढून माझ्या हातात ठेवला. "बाबा, आठच."

२४ ऑगस्ट २००६ला प्रागमध्ये चारेकशे खगोलशास्त्रज्ञांनी हात वर केले आणि प्लुटो ग्रहांच्या यादीतून गेला, 'बटुग्रह' झाला. सूर्याभोवती फिरतो, गोल आहे, पण कक्षेचा परिसर साफ केलेला नाही, म्हणजे आपल्या वाटेवर तोच वरचढ नाही, म्हणून नापास. २०१५ला न्यू होरायझन्स यान जवळून गेलं, तर तिथे नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान, पाण्याच्या बर्फाचे डोंगर! पाच चंद्रही आहेत. आणि बटु वामन विष्णूच असतो, तर बटुग्रह ग्रह का नाही?

आकडेमोड:
वामन आवडला, मुद्दा नाही. १८०१मध्ये सापडलेला सेरेससुद्धा काही दशकं ग्रहच होता. मग तिथेच पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले आणि सगळे लघुग्रहांत गेले. त्यांच्यासाठी कोणी रडलं नाही. २००५मध्ये एरिस सापडला, तो तर प्लुटोहून वजनदार. त्यालाही घेणार? मग माकेमाके, हौमिया हे बाकीचे बटुग्रह?

खगोलवेडा:
घ्या की! गुरूचे नव्वदच्या वर चंद्र आहेत, पाठ होत नाहीत म्हणून कमी केले का?

गच्चीवरून:
डोंगर-मैदानांवरून ग्रह ठरवायचा तर टायटनवर मिथेनचा पाऊस पडतो, तळी आहेत. तो आणि गॅनिमीड बुधापेक्षा मोठेही आहेत. तरी ते चंद्रच, कारण ते फिरतात शनी-गुरूभोवती. कोण कोणाच्या तालावर नाचतं ते बघा. १९७९ ते १९९९ प्लुटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी टक्कर होत नाही, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लुटोच्या बरोब्बर दोन होतात. हा ताल नेपच्यूनचा आहे. 'परिसर साफ' ही अट नेमकं हेच विचारते.

पत्रिकेतला शनी:
मुळात नऊचं एवढं काय? आपल्या नवग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, पृथ्वी नाही, आणि राहू-केतू तर चंद्र-सूर्याच्या वाटांचे नुसते छेदनबिंदू. हर्षल-नेपच्यून मागून आले, त्यांनाही पत्रिकेत जागा झालीच.

खगोलवेडा:
गच्चीवरून, तीनास दोन पटलं. पण ही व्याख्या फक्त आपल्या सूर्यापुरती, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या हजारो ग्रहांचं काय, ते तिच्यात नाहीच. तेव्हा पूर्ण शरणागती नाही.

साबुदाणा अजून टेबलावर आहे. त्याच्या निम्म्या आकाराचा त्याचा चंद्र शेरॉन शेजारी चिकटवलाय. दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो प्लुटोच्या बाहेर पडतो, म्हणून मध्ये टाचणी लावली. कन्या म्हणते, वेगळ्या तारेवर चालेल.