लिव्हर हलतोय म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा काय?

टिळकवाडीकर
कालची पोस्ट वाचून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहायलोय. आपल्यातल्याच एकाच्या १९९८ च्या मारुती ८०० चा गिअर लुळा पडला. गॅरेजवाल्यानं बॉक्स उतरवायचे अठरा हजार सांगितले. आणि ह्या गाडीवाल्यानं वर सगळ्यांना सल्ला देऊन सोडला: "लिव्हर हलायला लागला की वेळ घालवू नका, बॉक्स ओव्हरहॉल करा नाहीतर गाडी विका." खाली अंगठ्यांची रांग.

अहो, दाढ हलतेय म्हणून कोण जबडा काढतं काय?

८०० चा लिव्हर थेट बॉक्समध्ये जात नाही. बॉक्स पुढे इंजिनच्या पोटाशी आडवा, लिव्हर तुमच्या मांडीशेजारी, मधे गाडीखालून गेलेला रॉड. लिव्हरच्या बुडाला प्लास्टिकची वाटी, रॉडच्या जोडाला बुश (जोडात बसणारी मऊ कडी). पंचवीस वर्षं सायलेन्सरची ऊब आणि आपल्याकडचा लाल चिखल खाऊन त्या बुशाचं काय राहणार? न्यूट्रलला दांडा चार बोटं डुलतोय, पण एकदा गिअर पडला की गाडी गप चालतेय, तर नव्वद टक्के दोष तिथंच. बघायला डोळे पुरे. एकानं आत बसून लिव्हर हलवायचा, दुसऱ्यानं खालून बघायचं (जॅक लावून गाडीखाली स्टँड ठेवूनच, उगाच शौर्य नको). वर दांडा डुलतोय आणि खाली बॉक्सचा शाफ्ट ढिम्म, म्हणजे मधला बुश गेला.

टाकताना खर्र होत असेल तर तो आजार वेगळा. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. मग क्लच वायर बघा, पेडलचा प्ले (मोकळी चाल) बघा, अर्धा-पाऊण इंच बास. माझ्या गाडीला बुश, वाटी, मजुरी सगळं धरून साडेसहाशे गेले. अठरा हजार कशाचे?

खानापूर रोड गॅरेज
साडेसहाशेवाले सायेब, बोलायला सोपं हाय. मी पण आधी बुशच बदलत होतो. दोन वर्सामागं एकाला बुश घालून दिला, लिव्हर एकदम टाईट, गिऱ्हाईक खूश. पंधरा दिवसांनी चोर्ला घाट उतरताना तिसरा गिअर सुटला, बायको-पोरं गाडीत. परत आला ते माझ्या गळपट्टीलाच हात. मी म्हटलं, तू मला लिव्हर हलतोय म्हणून सांगितलास, गिअर सुटतोय म्हणून सांगितलास काय? ऐकतंय कोण. त्या दिवसापासनं मी सरळ सांगतो, बॉक्स उघडून बघू. शिव्या एकदाच खायच्या.

टिळकवाडीकर
सुटणारा गिअर वेगळा, डुलणारा लिव्हर वेगळा. सुटत असेल तर आतली स्प्रिंग-गोळी, फोर्क, नाहीतर दात गोल झालेत, हे मला मान्यच आहे. पण तुम्ही भीतीपोटी सगळ्यांचंच पोट फाडायलात.

लेथवरून
दोघंही अर्धं सांगायलात. बुश ढिला ठेवून वर्षानुवर्षं गाडी हाकली की गिअर पुरता आत जात नाही, अर्ध्या दातावरच चालतो. अर्ध्या दातावर जोर आला की ते दात गोल होतात, मग तोच गिअर सुटायला लागतो. म्हणजे साडेसहाशेचा बुश वेळेत घातला नाही की अठरा हजार आपोआप येतात. आणि बुश बाहेरून कशाला आणायचा? बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर पितळेचा टर्न करून घ्या. नातवापर्यंत टिकतो.

खानापूर रोड गॅरेज
तुमचा पितळी बुश! घातलेल्या तीन गाड्या माझ्याकडं आल्यात. सगळी थरथर लिव्हरात, हुबळीपर्यंत हाताला मुंग्या. कंपनीनं तिथं मऊ बुश घातलाय तो काय पैसे वाचवायला? थरथर गिळायला घातलाय.

लेथवरून
मग नायलॉनचा करतो. हाय काय त्यात.

चिकोडी २३
बुशावर भांडायलात, पण मूळ दुखणं ऑइलचं आहे. दुकानात "गिअर ऑइल द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा डोळे मिटून नव्वद नंबरचा डबा देतो. जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलच्या दोन जाती), विचारत नाही. ओम्नीच्या मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) जीएल-५ लागतं. ८०० चं डिफरन्शियल बॉक्समध्येच आहे, तिथं साधे तिरके दात आहेत, जीएल-४ पुरतं. जीएल-५ मधल्या रसायनानं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात, शिवाय ते इतकं निसरडं की रिंग नीट पकडत नाही. दुसरा टाकताना खर्र, आणि मग मालक म्हणतो बॉक्स गेला.

आणि जुनी गाडी ठेवायची म्हणजे सरकारला पण पोसायचं. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी रिन्युअलची फी २०२२ च्या एप्रिलात ६०० ची ५,००० केली होती. दर पाच वर्षांनी. ह्यावर कोण बोलत नाही.

जुना ड्रायव्हर
तुम्ही सगळी पोरं. मी अँबॅसिडर चालवलीय, गिअर स्टिअरिंगला, पहिल्याला सिंक्रोच नव्हता. हलत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, थोडी रेस, परत दाबा, टाका. लोण्यात सुरी. आता तुम्हाला रिंग पाहिजे, बुश पाहिजे, ऑइलचा नंबर पाहिजे. ड्रायव्हर नीट असला की बॉक्स झिजत नाही. माझी ९४ ची ८००, एकदापण बॉक्स उघडला नाही. गुपित सांगतो: घाट उतरताना मी न्यूट्रल करतो. कणकुंबी सोडलं की चोर्ल्यापासनं केरीपर्यंत गिअरला हात नाही. पेट्रोल वाचतं, बॉक्स वाचतो.

निपाणीचा पाहुणा
काका, हे काय लिहिलासा? पोरं वाचत्यात इथं. चोर्ला न्यूट्रलवर? अहो, गिअर सुटला म्हणून वर एकानं गॅरेजवाल्याची गळपट्टी धरली, आणि तुम्ही मुद्दाम सोडून उतरतासा?

जुना ड्रायव्हर
तीस वर्षं उतरलोय. गाडीला ओरखडा नाही.

निपाणीचा पाहुणा
ओरखडा नाही, हे देवाचं सर्टिफिकेट आहे, ड्रायव्हिंगचं न्हवं. माझा मावसभाऊ आंबोलीत असाच उतरत होता. मागं चौघं, डिकीत काजूची पोती. निम्म्यात ब्रेकचा जळका वास, मग पेडल खाली खाली. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल भुसभुशीत होतंय. गाडी डोंगराकडच्या गटारात घातली म्हणून वाचले. दरीकडं गेली असती तर मी आज इथं लिवत बसलो नसतो.

टिळकवाडीकर
मंडळी, विषय गिअरच्या बुशाचा आहे.

निपाणीचा पाहुणा
बुश गेला चुलीत. आधी ह्यांना सांगा.

चिकोडी २३
काका, पेट्रोल वाचतं हेपण अर्धंच खरं. २००० च्या आसपास ८०० ला एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर, आलं. त्या गाड्यांत गिअरमध्ये पाय काढून उतरलं की इंजेक्टर पेट्रोलच बंद करतो. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

जुना ड्रायव्हर
माझी कार्बोरेटरची आहे. आता बोल.

चिकोडी २३
कार्बोरेटरला थोडं वाचत असेल, बरं. केरीपर्यंत कपभर. त्यावर चहा प्या.

जुना ड्रायव्हर
मोठ्यांशी बोलायची रीत शिकवली नाही वाटतं घरात.

खानापूर रोड गॅरेज
रीत ऱ्हाऊ दे काका, मी माझा हिशोब सांगतो. न्यूट्रलवाल्या गाड्यांचे ब्रेक-लायनर कोण बदलतंय? मीच. काहीजण तर चावीच बंद करत्यात उतारावर. ब्रेकला इंजिनवर चालणारा बूस्टर असलेली गाडी असली तर एक-दोन पेडलात त्याची मदत संपली, मग उभं राहून ब्रेक दाबा. चावी बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक. लायनरच्या पैशात तुमचं चार वर्सांचं पेट्रोल येतंय.

जुना ड्रायव्हर
चावी मी कधीच बंद केली नाही. ते मूर्खांचं काम. बाकी तिघं मिळून ओरडायलात तर उतरतो ह्यापुढं तिसऱ्यावर. पण डोळ्यांदेखत ट्रकवाले न्यूट्रल सोडतात, त्यांना पण हीच अक्कल शिकवा की.

निपाणीचा पाहुणा
तवंदीच्या उतारावर माझ्या मागं लागलेल्या प्रत्येकाला शिकवायची इच्छा हाय, काका. थांबत न्हाईत.

कालचा पोस्टवाला
मीच तो. अंगठे मोजत बसलो नव्हतो, रविवारी गाडीखाली शिरलो. टिळकवाडीकरांनी सांगितलं तसं बायकोला आत बसवून लिव्हर हलवायला लावला. रॉडच्या जोडात बुश नव्हताच, नुसता काळा चुरा. लेथवाल्यांनी नायलॉनचा करून दिला, पैसे घेतले नाहीत. लिव्हर आता ताठ. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला पहिला-न्यूट्रल, पहिला-न्यूट्रल करताना दुसरा गिअर शोधावा लागत होता, तो आता जागेवर सापडतो. पण रिव्हर्स अजून खर्र करतो.

टिळकवाडीकर
अठरा हजार वाचले की नाही? क्लच दाबून चार-पाच सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक. तरी खर्र झालं तर वायर.

कालचा पोस्टवाला
थांबून पण खर्र. वायर बदलली, तीन तारा तुटलेल्या होत्या. आता गप पडतो.

टिळकवाडीकर
किलोभर कुंदा पाठवून दे. गॅरेजवाल्यांनापण सांग, बॉक्स न उघडता झालं.

कालचा पोस्टवाला
थांबा की. काल जांबोटीकडं जाऊन आलो. उताराला पाय काढला की तिसरा सुटायलाय.

खानापूर रोड गॅरेज
म्हटलं नव्हतं?

लेथवरून
अर्ध्या दातावर किती वर्षं चालवलास?

कालचा पोस्टवाला
लिव्हर लुळा पडून चार वर्षं झाली असतील.

टिळकवाडीकर
...आधी इंजिनचं फाउंडेशन बघितलास काय? रबर बसलं असलं तर इंजिन पुढं-मागं झुलतं, त्या ओढीनंपण सुटतो.

खानापूर रोड गॅरेज
बुधवारी आण. सायेबांच्या समाधानासाठी आधी फाउंडेशन बघतो, तेवढ्याचे पैसे घेत नाही. त्यानं राहिला नाही तर बॉक्स उतरणारच, अठरा नाही, फक्त तिसऱ्याचं सामान आणि मजुरी. कुंदा माझ्याकडं पाठव. आणि काकांना संगट आणू नको.